लेकीला लस, आईला तपासणी
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रतिबंध : एक अभ्यास

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण निश्चितपणे ठाऊक आहे. त्याची पूर्वावस्था कित्येक वर्षे आधी ओळखता येते आणि त्यावर प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. असे असूनही २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला व जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. ज्ञान आणि आचरण यांतील हे अंतर कमी व्हावे, या हेतूने प्रस्तुत विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगाच्या पेशींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार शोधला. पाठोपाठ १८ क्रमांकाचा प्रकारही सापडला. या कार्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात. संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो आणि तो इतका सर्वसामान्य आहे की, त्यावरून कोणाच्या चारित्र्याविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. बहुसंख्य स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत तो आपोआप परतवून लावते. मात्र ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यापैकी काहींना साधारणतः पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो.

या विषाणूवर जुन्या पद्धतीची लस करणे शक्य नव्हते. गोवर, पोलिओ यांच्या लसींसाठी विषाणू प्रयोगशाळेत वाढवून तो दुर्बल किंवा निष्क्रिय केला जाई. एचपीव्ही नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढत नाही. शिवाय त्याची काही जनुकेच कर्करोगाला कारणीभूत असल्याने संपूर्ण विषाणू निरोगी मुलीला टोचणे धोक्याचे होते. यावरचा मार्ग १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात जियान झोउ व इयान फ्रेझर यांना दिसला. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन जनुकतंत्राने वेगळे तयार केले असता त्याचे कण स्वतःहून एकत्र येऊन विषाणूसारखे गोलाकार कवच तयार होते. आत जनुके नसलेले हे कवच म्हणजे जणू बी नसलेले फळ. ते रुजत नाही, वाढत नाही. परंतु शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला खरा विषाणू समजून प्रतिपिंडे तयार करते. अशी पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने यीस्टच्या साहाय्याने तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या लसीस भारतात २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

लस किती वेळा टोचावी, या प्रश्नाच्या उत्तरात भारतातील मुलींचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये पुणे व बार्शीसह देशातील अनेक केंद्रांवर दोन आणि तीन मात्रांची तुलना सुरू झाली. मात्र आंध्र प्रदेश व गुजरातेतील एका वेगळ्या प्रकल्पाविषयी वाद उद्भवल्याने २०१० मध्ये सर्वच संशोधनांतील लसीकरण थांबविण्यात आले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाले होते. अशा पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयोगटासाठी एक मात्राही पुरेशी मानली. त्या वादाने आणखी एक धडा दिला : संसदीय समितीने संबंधित प्रकल्पातील संमती घेण्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले होते. पालकांना समजावून सांगितल्याविना केलेले लसीकरण विज्ञानालाही बाधक ठरते.

लसीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आधीच झालेला संसर्ग ती बरा करीत नाही, म्हणूनच ९ ते १४ हे वय तिच्यासाठी सर्वोत्तम होय. ज्या स्त्रिया आज तिशी-पन्नाशीत आहेत, त्यांचे रक्षण तपासणीच करील. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणीची संधी देण्यात आली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यापाड्यांतील, शेतात राबणाऱ्या स्त्रियांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे. पूर्वावस्था आढळल्यास साध्या उपचाराने, बहुधा रुग्णालयात दाखल न होताच, ती दूर करता येते.

लस घेतल्यावर हात दुखणे, किंचित ताप येणे अशा तक्रारी उद्भवू शकतात. क्वचित भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटे बसून राहावे. गर्भवतींना ही लस देत नाहीत. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे योग्य वयात तपासणी करून घ्यावी, कारण लस सर्व प्रकारांवर चालत नाही. किती मात्रा घ्याव्यात, हे वय व प्रकृती पाहून डॉक्टरांना विचारावे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात असह्य त्रास होईपर्यंत दुखणे अंगावर काढून आलेल्या माता-भगिनी आम्ही पाहतो. संकोच, घरातील कामे आणि 'मला काय होणार आहे' ही समजूत, ही विलंबाची नेहमीची कारणे होत. आमची कळकळीची विनंती आहे की, लेकीला लसीसाठी घेऊन येणाऱ्या प्रत्येक मातेने त्याच दिवशी स्वतःच्या तपासणीविषयीही विचारणा करावी.