लष्करी विमानांची देखभाल : नियोजन व स्थितिनिरीक्षण यांची सांगड

हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने १९७० मध्ये लखनौ येथे उपसाधने विभाग स्थापन केला. लष्करी विमानांची हायड्रॉलिक, इंधन व मापन यंत्रणांची उपसाधने येथे तयार होतात व दुरुस्तही होतात. अशा एखाद्या लहान भागासाठीही संपूर्ण विमान जमिनीवर उभे राहू शकते. त्यामुळे तो भाग केव्हा बदलावा, हा संरक्षणसिद्धतेचा प्रश्न ठरतो.

याची उत्तरे दोन आहेत. नियतकालिक देखभालीत ठरावीक उड्डाण-तास किंवा वर्षे पूर्ण होताच भाग उतरविला जातो. ही पद्धत शिस्तबद्ध असली, तरी तीत सुस्थितीतील भाग निघतो आणि मुदतीपूर्वी झिजलेला भाग नजरेतून सुटू शकतो. स्थितिनिरीक्षणात कंपन, तापमान, दाब व वंगणतेलातील धातुकण यांवरून भागाची खरी अवस्था ओळखली जाते. मात्र पर्यायी भाग व तंत्रज्ञ वेळेवर उपलब्ध नसतील, तर हे निदान निष्फळ ठरते.

नाशिकजवळील ओझर येथे जुळणी होणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानांच्या बाबतीत या दोन्ही बाजू दिसून आल्या. मार्च २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, तपासलेल्या ६९ इंजिन-बिघाडांपैकी ३३ सदोष बेअरिंगमुळे झाले होते. त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार ७५ टक्के विमाने उड्डाणसज्ज असणे अपेक्षित असताना प्रत्यक्ष प्रमाण ५५ ते ६० टक्के होते. पहिली बाब निरीक्षणाचे महत्त्व सांगते. सज्जतेतील तूट भरून काढण्यासाठी मात्र सुटे भाग व दुरुस्तीचे नियोजनही आवश्यक असते.

समजा, एका पंपाचा दाब घटत आहे आणि तो आणखी ८० तास सुरक्षित चालेल असा अंदाज आहे. विमानाची नियोजित तपासणी ५० तासांनी असल्यास पंपाची मागणी आजच नोंदवून तो त्याच वेळी बदलता येतो. विमान एकदाच थांबते. तपासणी १०० तासांनी असल्यास ती अलीकडे आणावी लागते.

या सांगडीलाही मर्यादा आहेत. संवेदक चुकीचा इशारा देऊ शकतो, तसेच अंदाजासाठी पूर्वीच्या बिघाडांच्या काटेकोर नोंदी लागतात. ज्या भागांच्या बिघाडाने वैमानिकाच्या प्राणांवर बेतते, त्यांची निश्चित आयुर्मर्यादा केवळ अनुकूल निरीक्षणाच्या आधारे ओलांडता येत नाही. निरीक्षणाने वेळापत्रक रद्द होत नाही. ते अधिक विश्वसनीय होते.