मानेचा मणका आणि पावलांची जाणीव

डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे मनुष्याला कळते. सांध्यांच्या स्थितीची ही जाणीव पंचेंद्रियांत गणली जात नाही. परंतु चालणे, जिना उतरणे, सदऱ्याची गुंडी लावणे या नित्याच्या क्रिया तिच्याच आधारे सुरळीत चालतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या संवेदनेचे शास्त्रीय विवेचन केले.

स्नायू व सांधे यांतून निघणारे हे संदेश मुख्यतः मज्जारज्जूच्या पाठीमागील भागातून मेंदूकडे जातात. पायांचे असोत वा हातांचे, ते मानेच्या सात मणक्यांमधील पोकळीतूनच वर चढतात. प्रौढ व्यक्तीत ही पोकळी पुढून मागे साधारणतः १७ मिलिमीटर असते. उतारवयात मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडांना कंगोरे फुटतात, अस्थिबंध जाड होतात आणि पोकळी आक्रसते. काहींची पोकळी जन्मतःच अरुंद असते. ती १० मिलिमीटरहून कमी झाल्यास रज्जू दाबला जाण्याचा धोका बराच वाढतो.

मूळ दोष मानेत असला, तरी लक्षणे हातापायांत दिसतात. मान दुखेलच असे नाही. बोटे बधिर होतात, अक्षर बिघडते, पाय जड व ताठ वाटतात. दिवसा डोळे ही उणीव भरून काढतात. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटताच मात्र तोल जातो. 'आता वय झाले' असे म्हणून घरातील मंडळी याकडे दुर्लक्ष करतात.

या जाणिवेची तपासणी सोपी आहे. रुग्णास डोळे मिटावयास सांगून डॉक्टर त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरून हळूच वर-खाली करतात व दिशा विचारतात. पावले जुळवून, डोळे मिटून उभे राहताच रुग्ण डोलतो काय, हेही पाहतात. मधुमेह व बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही ही जाणीव मंदावते. म्हणून रक्ततपासणी व एम. आर. आय. चित्रणानंतरच निदान निश्चित होते.

दाब वाढत असल्यास शस्त्रक्रियेने तो दूर करता येतो. मात्र गमावलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच, अशी खात्री नसते. त्यामुळे वेळेला महत्त्व आहे. अशा रुग्णाची मान चोळणे वा झटका देऊन 'मोकळी' करणे घातक ठरू शकते. गावात कोणी वृद्ध अंधारात वारंवार पडत असेल, तर त्याच्या हाती केवळ काठी न देता त्यास रुग्णालयात तपासणीसाठी नेणे, हे शिक्षक व पंचायत सदस्य यांना सहज करता येण्यासारखे कार्य आहे.