'डाइंग लाइट २' : सामर्थ्य आणि मर्यादा

संगणकावर खेळावयाचा खेळ वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा काय, हा प्रश्न काहींना थट्टेचा वाटेल. परंतु ज्या कृतीत कथानक आहे, पात्रे आहेत, वातावरणनिर्मिती आहे आणि जिच्या पायी आपल्यातील कित्येकजण रात्र-रात्र जागतात, तिच्याकडे निव्वळ पोरखेळ म्हणून पाठ फिरविणे बरे नव्हे. प्रस्तुत लेखात पोलंडमधील टेकलँड या संस्थेने ४ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'डाइंग लाइट २ : स्टे ह्यूमन' या खेळाचा विचार करावयाचा आहे. एखाद्या कादंबरीचे परीक्षण करताना आपण ज्या कसोट्या लावतो, त्यांपैकी काही येथे लावून पाहू.

'झोंबी' या शब्दाने प्रथम थोडा घोटाळा होतो. ग्रंथालयात 'झोंबी' मागितली तर आनंद यादव यांचे पुस्तक हाती पडेल, कारण मराठीत झोंबी म्हणजे झटापट. येथे अभिप्रेत असलेला शब्द हैतीमधील लोकसमजुतींतून इंग्रजीत आला. मेलेला, परंतु मांत्रिकाच्या इच्छेने राबणारा देह, असा तेथला अर्थ. जॉर्ज रोमेरो याच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाने या प्रेतांना मांत्रिकाच्या ताब्यातून सोडविले आणि त्यांची माणसे खाणारी झुंड बनविली. (गंमत अशी, की त्या चित्रपटात त्यांना 'झोंबी' असे कोणी म्हणतच नाही.) पुढचे बहुतेक चित्रपट आणि खेळ याच वंशातले.

उत्तरभागाचे मूल्यमापन करावयाचे तर पूर्वभाग माहीत हवा. पहिला 'डाइंग लाइट' जानेवारी २०१५ मध्ये आला. हारान हे काल्पनिक शहर रोगाने ग्रासलेले आहे आणि काइल क्रेन हा नायक गच्च्यांवरून धावत, भिंती चढत तेथे जगतो. त्या खेळाचा सारा प्राण एका कल्पनेत होता : दिवस आणि रात्र ही दोन वेगळी जगे आहेत. दिवसा रोगी मंदावलेले असतात, शिकारी आपण असतो. सूर्य मावळला की 'व्होलटाइल' नावाचे चपळ प्राणी बाहेर पडतात आणि शिकार आपली होते. रात्री बाहेर राहणाऱ्याला अनुभवाचे गुण दुप्पट मिळत, तरी बहुतेक खेळाडू धडपडत आसऱ्याकडे पळत. लोभ आणि भीती यांची ती ओढाताण खेळ संपल्यावरही मनात राही.

दुसऱ्या भागाचे कथानक बावीस वर्षांनंतर घडते. बहुतेक जग संपले आहे. युरोपातील व्हिलेडोर हे तटबंदीचे शहर तेवढे तग धरून आहे. एडन हा वाटसरू आपल्या हरवलेल्या बहिणीच्या, मियाच्या शोधात तेथे येतो. शहरातील प्रत्येक माणसाच्या शरीरात रोग आहेच. अतिनील प्रकाश त्याला दाबून धरतो. अंधारात फार वेळ गेला की माणूस पालटू लागतो. म्हणून रात्री खेळाडूच्या डोळ्यांसमोर उरलेल्या वेळेचे घड्याळ चालू असते. 'माणूस राहा' हे उपशीर्षक येथे नुसते बोधवाक्य राहत नाही. शत्रू बाहेर आहे तसा आतही आहे, हे त्या घड्याळामुळे क्षणोक्षणी जाणवते. या खेळातील सर्वांत खोल कल्पना कोणती म्हणाल, तर ही.

आता सामर्थ्याविषयी. या खेळाची भाषा धावणे हीच आहे. कादंबरीकार वाक्यांतून जे साधतो ते येथे उडी, पकड, घसरण आणि झेप यांतून साधले आहे. जुन्या व्हिलेडोरमध्ये उतरत्या कौलांची, एकमेकांना खेटून उभी घरे आहेत. तेथे डोळ्याने वाट हेरावयाची आणि पायांनी ती खरी करावयाची. चढताना दम संपत जातो. उंच मनोऱ्याच्या मध्यावर दम संपला तर हात सुटतो. तो दम वाढवावयाचा तर शहरभर लपविलेली औषधे शोधावी लागतात. म्हणजे शरीर जसजसे घडते तसतसे शहर उघडत जाते. काल जी भिंत अडवीत होती ती आज पायरी होते, आणि हा बदल कोणाही पात्राने बोलून न दाखविता आपल्याला कळतो. ओलिव्हिए देरिव्हिएर यांचे संगीतही या धावण्याला बांधलेले आहे. वेग घेतला की ते चढते, थांबलात की ओसरते.

मध्यवर्ती भागात गगनचुंबी इमारती येतात, आणि त्यांच्याबरोबर हवेत तरंगण्याचे छत्र. येथून मर्यादांना आरंभ होतो. जो वरून तरंगत जातो त्याला खालच्या गल्लीचे भय कसले? भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर भयानकाचा स्थायिभाव भय, वीराचा उत्साह. उत्साह वाढवीत नेला की भय आपोआप झिजते. पूर्वभागात हे दोन्ही भाव तोलून धरले होते. उत्तरभागात वीराचे पारडे इतके जड झाले की प्रथम प्रसिद्ध झालेल्या स्वरूपात रात्र ही दिवसाची जरा काळोखी आवृत्ती वाटू लागली. 'हाउलर' या ओरडणाऱ्या रोग्याने आपल्याला पाहिले तर पाठलाग सुरू होतो आणि पायरीपायरीने वाढतो; व्होलटाइल मात्र बहुधा त्या पायऱ्या चढल्यावरच रस्त्यावर गाठ घेत. सावध खेळाडूला त्यांचे दर्शन क्वचितच घडे.

तरीही रात्रीसंबंधी एक गोष्ट रचनाकारांनी फार चांगली केली आहे. दिवसा इमारतींच्या आत रोगी दाटीवाटीने झोपलेले असतात, रात्री तेच बाहेर पडतात. म्हणजे आत काही मौल्यवान असेल तर ते रात्रीच आणावे लागते. भीतीची जागा आणि लाभाची वेळ यांची अशी सांगड घातल्यामुळे काळोखात बाहेर पडण्यास कारण मिळते. नुसते धाडस म्हणून कोणी पडत नाही.

निवडीच्या प्रश्नावर मात्र माझे मत अधिक कडक आहे. जून २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात हा खेळ घोषित झाला, तेव्हा पाण्याच्या एका टाकीविषयीच्या निर्णयाने साऱ्या वस्तीचे रूप पालटताना दाखविले होते. खेळ हाती येईपर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली, तारखा पुनःपुन्हा पुढे ढकलल्या गेल्या, आणि ज्याच्या नावाचा कथालेखक म्हणून गाजावाजा झाला होता तो क्रिस अव्हेलोन २०२० मध्ये प्रकल्पातून बाहेर पडला. हाती आले ते असे : टाक्या आणि वीजकेंद्रे शिस्तप्रिय 'पीसकीपर्स'ना द्यावयाची की जुन्या चर्चमधील बाजारात राहणाऱ्या 'सर्व्हायव्हर्स'ना, हे आपण ठरवितो. पहिल्यांना दिली तर रस्त्यांवर रोग्यांसाठी सापळे उभे राहतात. दुसऱ्यांना दिली तर घसरण्याच्या तारा आणि उडी झेलणाऱ्या गाद्या मिळतात. सुव्यवस्था मोठी की स्वातंत्र्य मोठे, हा राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षापासूनचा प्रश्न; त्याचे उत्तर खेळाडू 'मला तार हवी की सापळा' या हिशेबाने देतो! पाणी कोणाला मिळाले, कोणाचे तोडले गेले, याचे दुःख अंगाला लागत नाही. कथेत कोण जगतो, कोण दुरावतो, शेवट कोणता होतो, हे निवडींनी बदलते, ते नाकारता येणार नाही. परंतु शहर बदलेल असे सांगितले होते, आणि शहर फारसे बदलत नाही.

पात्रचित्रणाबद्दल थोडक्यात सांगितलेले पुरे. लोआन लक्षात राहते. एडन आपल्या बहिणीचे नाव इतक्या वेळा घेतो की तिच्याविषयी उत्कंठा वाढण्याऐवजी बोथट होते, आणि वॉल्ट्झ हा खलनायक मोठमोठ्याने बोलतो.

राहिला विस्ताराचा दोष. प्रसिद्धीपूर्वी जानेवारी २०२२ मध्ये संस्थेने अभिमानाने जाहीर केले, की सर्व काही पुरे करावयास ५०० तास लागतील. लोकांनी कपाळाला हात लावला. मुख्य कथा सुमारे २० तासांची आहे, असा खुलासा मग करावा लागला. पृष्ठसंख्येवर कादंबरीची थोरवी मोजण्याचा हा प्रकार. नकाशावर चिन्हांची नुसती खैरात आहे. एक पवनचक्की चढून झाली की दुसरी, तिसरी. त्यांतील पहिल्या काही चढाया कोडे असतात, पुढच्या हजेरी.

शेवटी एक अडचण, जी ग्रंथाच्या अभ्यासकाला नवी नाही. आपण परीक्षण कोणत्या पाठाचे करावयाचे? छापलेली कादंबरी एकदा हाती आली की स्थिर असते. हा खेळ प्रसिद्ध झाल्यावरही बदलत राहिला. २०२३ मध्ये रात्री अधिक भयंकर करण्यात आल्या आणि व्होलटाइल रस्त्यांवर मोकळे सोडले गेले, म्हणजे वर नोंदविलेला आक्षेप बराचसा मान्य झाला. मोडलेली शस्त्रे दुरुस्त करण्याची सोय मागाहून आली. मूळ रचनेत बंदुका नव्हत्या. लोखंडी सळ्या आणि कुऱ्हाडींवर भागविणाऱ्या त्या जगात २०२४ मध्ये त्याही आल्या. पहिली सुधारणा मूळ कल्पनेकडे परत नेणारी, शेवटची तिच्यापासून दूर नेणारी, असे मला वाटते. बंदूकवाल्याला रात्र आणखीच थोडी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'डाइंग लाइट : द बीस्ट' या खेळात टेकलँडने काइल क्रेनला परत आणले आहे, आणि एडनचे हवाई छत्र मात्र त्याच्या हाती दिलेले नाही.