भाचीस पत्र : उताऱ्यावरील प्रश्नांविषयी

जुन्नर



घोडेगावच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचे तू पत्करलेस हे वाचून समाधान वाटले. परंतु व्याकरण, उताऱ्यावरील प्रश्न आणि संदर्भलेखन यांसाठी तीन निरनिराळ्या वह्या घालण्याचा तुझा बेत मला पसंत नाही, कारण हे कोणी म्हटले, केव्हा म्हटले आणि कशाच्या आधाराने म्हटले, ही एकच पृच्छा या तिन्हींच्या मुळाशी आहे.

पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५ साली तीन भागांत निघाले. तेवढ्या जुन्या ग्रंथातील एखाद्या उताऱ्यात आंबेगाव हे घोड नदीकाठी नांदते गाव म्हणून वर्तमानकाळात आले, तर ज्याच्या आजोबांचे घर डिंभे धरणाच्या जलाशयात गेले तो मुलगा ‘हे चूक आहे’ म्हणून उठेल. त्याला गप्प बसवू नकोस. त्याचे म्हणणे खरेच आहे; मात्र प्रश्न उताऱ्याला विचारलेला असल्यामुळे उत्तरही उताऱ्यातूनच दिले पाहिजे, आणि तेथील वर्तमानकाळ हा त्या लेखकाचा वर्तमानकाळ आहे, हे त्याला शेजारी १८८५ हे साल लिहिल्याबरोबर उमगेल. मग तेच वाक्य त्याच्याकडून भूतकाळात फिरवून घे, आणि धरणाची हकीकत निराळ्या वाक्यात, आजोबांच्या हवाल्याने, लिहवून घे. काळांचे कोष्टक त्यानंतर पाठ केले तरी चालेल. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकणाऱ्या आमच्या पिढीला कोष्टके बिनचूक येत, पण कोणता काळ कोणाच्या तोंडी आहे, हे फारसे कोणी विचारीत नसे.

थोरल्या मुलांना नाणेघाटात ने. तेथील लेण्यातल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची गणती आहे. परंतु लेख जागोजाग झिजलेला असल्यामुळे ‘शिलालेखात असे आहे’ एवढा मोघम दाखला पुरत नाही. भगवानलाल इंद्रजींनी तो अभ्यासिला. ब्यूलर यांचे वाचन १८८३ साली पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. कोणाचे वाचन आपण स्वीकारले, हे नाव, साल आणि पृष्ठ देऊन सांगणे म्हणजेच संदर्भ देणे. स्वल्पविराम कोठे आणि कंस कोठे हा त्यानंतरचा कारकुनी भाग होय, आणि तो ज्या त्या परीक्षकाच्या मर्जीप्रमाणे बदलतो.

‘अ’, ‘द’ या उपपदांचा जाच मुलांना होणारच, कारण मराठीत तसली उपपदे नाहीत. त्यासाठी नियमांची जंत्री न देता एकच विचार : ही वस्तू वाचकाला आधीच्या वाक्यातून ठाऊक झाली आहे काय? बोट त्या आधीच्या वाक्यावर ठेवून दाखवल्याखेरीज उत्तर मान्य करू नकोस.

गाईडातील तयार उत्तर उतरवून आणणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. उताऱ्यातील कोणत्या ओळीवरून हे निघाले, एवढे त्याला शांतपणे विचार, आणि तो शोधीत असता घाई करू नकोस.

पुढील पत्रासोबत मुलांच्या उत्तरांच्या दोन-चार नकला पाठव; शुद्ध केलेल्या नकोत, खाडाखोड असलेल्याच पाठव.

तुझा मामा