डॉ. सॅम्युएल हानेमान

जर्मनीतील माइसेन नगरात १७५५ साली, चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगविणाऱ्या एका कारागिराच्या घरी सॅम्युएल हानेमान यांचा जन्म झाला. १७७९ साली ते वैद्यकाचे पदवीधर झाले. त्या काळी रोग्याचे रक्त काढणे व त्यास तीव्र रेचके देणे हेच मोठे उपचार मानीत. त्यामुळे रोगी अधिकच खंगत. आपल्या हातून असा अपाय घडू नये म्हणून हानेमान यांनी वैद्यकी सोडली आणि ग्रंथांची भाषांतरे करून मोठ्या हलाखीत संसार चालविला.

१७९० साली भाषांतर करीत असता, सिंकोनाच्या सालीविषयी मूळ ग्रंथकाराने दिलेले कारण त्यांना पटेना. तेव्हा निरोगी असतानाच त्यांनी ती साल स्वतः घेतली. हिवतापासारखी लक्षणे जाणवताच, समानाने समान बरे होते, असा विचार त्यांना सुचला. त्यातूनच होमिओपॅथी उदयास आली. औषध ते अतिशय विरल करून देत. १८४३ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

अशा विरल औषधांचा गुण पुढील संशोधनात सिद्ध झाला नाही. एकट्याच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष पुनःपुन्हा पारखावा लागतो, तो याचसाठी. तथापि अपायकारक रूढीपुढे मान न तुकविणारे त्यांचे धैर्य आदरणीयच होय.