सैतानाशी आपले युद्ध आणि मुलांच्या हातातील 'डूम'

शास्त्रभाग : मार्क ५:१-२०, इफिस. ६:१०-१८
पाठांतरासाठी वचन : इफिस. ६:१२
पाठाचा हेतू : दुष्टाईशी ख्रिस्ती मनुष्याने कसे लढावे, हे मुलांच्या ओळखीच्या एका खेळाच्या आधाराने समजून घेणे.



इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वर्गात शिकवावयास घेतला की, दहाबारा वर्षांचा एखादा मुलगा हात वर करून विचारील, "आम्ही गेममध्ये भुतांनाच तर मारतो. मग त्यात वाईट काय? पौलही तेच सांगतो ना?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मुलाने पाठ ऐकला आहे आणि तो आपल्या जगाशी जोडून पाहिला आहे. अशा मुलाला "गप्प बस" म्हणून खाली बसवणे म्हणजे पेरलेले बी पायाखाली तुडवणे होय. म्हणून या महिन्याच्या पाठात आपण त्याच्या प्रश्नाला नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करू.

१. हा खेळ आहे तरी काय?

भुतांना गोळ्या घालण्याचे खेळ आज पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध 'डूम' हा होय. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मेस्कीट या गावी 'इड सॉफ्टवेअर' नावाच्या लहानशा कंपनीने तो तयार केला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी तो लोकांपुढे आला. जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो आणि त्यांचे काही सोबती हे त्याचे कर्ते. खेळाच्या तीन भागांपैकी पहिला भाग त्यांनी फुकट वाटला आणि पुढचे भाग हवे असतील त्याने पैसे भरावेत अशी योजना केली. त्यामुळे तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर झपाट्याने पसरला.

त्याची कथा थोडक्यात अशी : मंगळ ग्रहाच्या फोबोस व डीमोस या दोन चंद्रांवर एका कंपनीची संशोधन केंद्रे आहेत. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर क्षणात जाता यावे म्हणून तेथे प्रयोग चालतात. त्या प्रयोगांतून नरकाचे दार उघडते आणि भुते बाहेर पडतात. एकच सैनिक जिवंत उरतो. खेळणाऱ्याला सर्व काही त्या सैनिकाच्या डोळ्यांनी दिसते. पडद्याच्या तळाशी हातातील बंदूक असते आणि तिच्याखाली त्या सैनिकाचा चेहरा असतो. जखमा वाढतील तसा तो रक्ताने माखत जातो. शिंगे असलेले राक्षस, आगीचे गोळे, भिंतींवर भयंकर मुखवटे असा सगळा देखावा. वेग असा की विचार करावयास क्षणाचीही उसंत नाही.

या खेळाचा दुसरा भाग १९९४ मध्ये व तिसरा २००४ मध्ये निघाला. २०१६ मध्ये त्याला नवे रूप मिळाले. मग २०२० मध्ये 'डूम इटर्नल' व २०२५ मध्ये 'डूम द डार्क एजेस' हे खेळ आले. १९९३ चा मूळ खेळ मोबाइलवरही मिळतो. तेव्हा "आमच्या घरी कॉम्प्युटर नाही" एवढ्यावर बेळगावच्या किंवा इंदूरच्या पालकांनी निश्चिंत राहू नये.

२. खेळाविषयीही खोटी साक्ष नको

काही जण म्हणतात, "हा खेळ घरात आला की दुरात्मे घरात शिरतात." काही म्हणतात, "हा खेळणारा मुलगा उद्या खून करील." आपण नववी आज्ञा मुलांना शिकवतो. ती आपल्यालाही लागू आहे.

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांना त्यांनी ठार मारले. ते दोघे 'डूम' खेळत असत, ही गोष्ट खरी आहे. परंतु तोच खेळ जगभर लाखो मुले खेळत होती आणि त्यांनी कोणाला मारले नाही, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने २०१५ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये आपले मत मांडले. हिंसक खेळांचा चिडखोर व आक्रमक वागणुकीशी काहीसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांचे खापर त्यांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा मथितार्थ आहे.

म्हणून मुलांना खोटी भीती घालू नये. खेळूनही आपल्याला काहीच झाले नाही असे मूल पाहते, आणि मग आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो.

३. "ती तर भुतेच आहेत"

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न या खेळाच्या एका कर्त्यालाही विचारण्यात आला होता. सँडी पीटरसन याने मूळ खेळातील बरेचसे टप्पे रचले. तो मॉर्मन पंथाचा सभासद आहे. नरकाचे असे देखावे रचताना तुला काही वाटत नाही काय, असे विचारले तेव्हा त्याने सांगितले की, ही नुसती चित्रे आहेत आणि शिवाय भुते येथे वाईटच दाखवली आहेत. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. हा खेळ भुतांची पूजा करावयास सांगत नाही. भुते वाईट आहेत व त्यांचा प्रतिकार केला पाहिजे, एवढे त्यात मान्यच केले आहे. याकोबाचे पत्रही सैतानाला अडवा असेच सांगते (याकोब ४:७).

पण उरलेले अर्धे पाहण्यासाठी तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट. खेळात प्रथम भेटणारे शत्रू राक्षस नसतात. ते त्याच तळावरचे सैनिक असतात. कालपर्यंत ते आपले सोबती होते, आज त्यांचा ताबा दुष्ट शक्तीने घेतला आहे. खेळाच्या माहितीपत्रकात त्यांना 'पूर्वीची माणसे' असेच नाव आहे. त्यांच्यासाठी खेळणाऱ्याला काय करता येते? गोळी घालता येते, एवढेच. त्यांना हाक मारता येत नाही, सोडवता येत नाही, बरे करता येत नाही. ते पडले की त्यांची काडतुसे उचलून पुढे जावयाचे.

दुसरी गोष्ट. चार जणांना कॉम्प्युटर जोडून हा खेळ एकत्र खेळता येत असे. त्याचा एक प्रकार असा होता की, त्यात मित्रच मित्राला गोळ्या घालीत. या प्रकाराला 'डेथमॅच' हे नाव याच खेळाच्या कर्त्यांनी रूढ केले.

तिसरी गोष्ट. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन सैन्याने या खेळाचा दुसरा भाग घेऊन त्यात फेरबदल केले. चार चार सैनिकांच्या तुकडीने मिळून निर्णय कसे घ्यावेत, याच्या शिक्षणासाठी तो वापरावा हा हेतू होता. त्यातील राक्षस काढून त्यांच्या जागी माणसे घालण्यात आली.

प्रियजनहो, ही तिसरी गोष्ट शांतपणे विचारात घ्या. भुतावर रोखलेली बंदूक माणसावर रोखण्यास फक्त चित्र बदलावे लागले. खेळणारा खुनी होतो असा याचा अर्थ नाही. एकदा वैऱ्याला "हा भूतच आहे" असे नाव दिले की, त्याच्यासाठी दुसरे काहीच करावयाचे उरत नाही, असा याचा अर्थ आहे. माणसांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडले आहे. ज्यांना मारावयाचे त्यांना आधी राक्षस म्हटले गेले.

४. गरसेकरांच्या प्रदेशात प्रभूने काय केले?

आता वर्गात मार्क ५:१-२० वाचा. येथेही एक 'पूर्वीचा माणूस' आहे. तो थडग्यांत राहतो, रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःला ठेचून घेतो. गावकऱ्यांना एकच उपाय ठाऊक होता : बेड्या व साखळदंड. तोही फसला होता.

प्रभू येशू त्याच्यापुढे उभा राहतो आणि त्याचे नाव विचारतो. उत्तर येते 'सैन्य'. प्रभू त्या सैन्याला घालवून देतो, पण त्या माणसाला ओरखडाही येत नाही. सुमारे दोन हजार डुकरे बुडाली, तेव्हा गावाला डुकरांचे दुःख झाले. प्रभूने मात्र त्या एका माणसाची किंमत अधिक मानली. शेवटी तो माणूस वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसतो. प्रभू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत परत पाठवतो आणि तो दकापलीस प्रांतात सुवार्ता सांगू लागतो.

खेळातील सैनिक त्या थडग्यांजवळ आला असता तर त्याने काय केले असते, हे मुलांना विचारा. ती लगेच उत्तर देतील. मग विचारा, दकापलीसला सुवार्ता कोणी सांगितली असती? थोडा वेळ वर्ग शांत राहू द्या.

हा विषय आपल्या देशात नुसत्या खेळाचा नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागून २८ मनोरुग्ण मरण पावले. ते साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे. असा कायदा करावा लागला, कारण अशा गोष्टी घडत होत्या. आपल्या मंडळीत किंवा शेजारी एखादे मनाने आजारी माणूस असेल, तर "त्याला लागीर झाले आहे" म्हणून मुले त्याला दगड मारतात, की त्याच्या घरी जाऊन विचारपूस करतात? या पाठाची खरी परीक्षा तेथे होईल.

५. कोणती शस्त्रे?

'डूम' मध्येही चिलखत मिळते. हिरव्या चिलखताचे शंभर गुण, निळ्याचे दोनशे. प्रत्येक घावाला ते झिजते. २०१६ च्या खेळात आणखी एक युक्ती आहे : जखमी राक्षसाला जवळ जाऊन हातांनी फाडले की आपले आयुष्य वाढते. शत्रूच्या मरणातून आपल्याला जीवन, असा हा नियम आहे. नव्या खेळात ढालही आहे, पण ती फेकून शत्रूला कापताही येते.

प्रेषित पौल जी शस्त्रसामग्री सांगतो ती मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्या : सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचे वचन आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना. यांतील एकानेही माणसाला जखम होत नाही. पौलाने हे पत्र बंदिवासात असताना लिहिले. ज्याच्या पायांत बेडी होती तो शांतीच्या सुवार्तेचे जोडे घालावयास सांगतो! आपले झगडणे रक्तमांसाशी नाही असे त्याने म्हटले, तेव्हा पहारा करणारा शिपाई आपला वैरी नाही हेही त्यात आले.

मुलांना या खेळातील 'गॉड मोड' ठाऊक असतो. काही अक्षरे दाबली की आपल्याला जखमच होत नाही. म्हणजे खेळाच्या भाषेत देव म्हणजे ज्याला घाव लागत नाही तो. आपल्या सुवार्तेत देवाच्या पुत्राने हातापायांत खिळे घेतले. त्याच्या मरणातून शत्रूंना जीवन मिळाले. दोन्ही वाटांतील फरक मुलांना दाखवावयाचा असेल तर यापेक्षा सोपा दाखला सापडणार नाही.

६. घरी काय करावे?

(अ) वय पाहा. अलीकडच्या 'डूम' खेळांवर अमेरिकेत १७ वर्षांपुढील व युरोपात १८ वर्षांपुढील अशी खूण असते. जर्मनीत मूळ खेळ १९९४ पासून २०११ पर्यंत अल्पवयीन मुलांना विकता येत नव्हता. लहान मुलांना हा खेळ देऊ नये, हे पालकांनी स्पष्ट सांगावे. त्यात संकोच करू नये.

(ब) मोठ्या मुलांशी बोला. अर्धा तास त्यांच्याशेजारी बसून खेळ पाहा. "यात तुला काय आवडते?" असे विचारा. वेग, नेमबाजी, अवघड टप्पा पार केल्याचा आनंद, ही उत्तरे ऐकून घ्या. त्यानंतर फिलिप्पै. ४:८ एकत्र वाचा आणि कोणत्या गोष्टींचे मनन करावयाचे ते त्यांनाच ठरवू द्या.

(क) वेळ मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराचाही समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान होऊनही न थांबणे, ही लक्षणे साधारणपणे वर्षभर दिसली तर तो विकार समजतात. चार दिवसांच्या हट्टाला आजार म्हणू नये. पण झोप, अभ्यास, उपासना सुटू लागली तर वेळीच डॉक्टरांचा व पाळकांचा सल्ला घ्यावा.

(ड) खेळ काढून घेतला तर त्या जागी काही द्या. मैदान, गायन, तरुणसंघाचे काम, रुग्णांच्या भेटी यांपैकी काहीतरी असावे. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दृष्टान्त (मत्तय १२:४३-४५) येथे पालकांनी आठवावा.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. गावकऱ्यांचा उपाय, खेळातील उपाय व प्रभूचा उपाय यांत काय फरक आहे?
२. सत्तर शिष्य आनंदाने परत आले तेव्हा प्रभूने त्यांना कोणत्या गोष्टीचा अधिक आनंद करावयास सांगितले? (लूक १०:१७-२०)
३. तुमच्या शाळेत ज्याला सर्व जण 'भूत' म्हणून चिडवतात असा कोणी आहे काय? या आठवड्यात त्याच्यासाठी काय कराल?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू थडग्यांत राहणाऱ्याला त्याच्या घरी परत पाठवलेस. आमच्या मुलांचे हात व डोळे तुझ्या स्वाधीन करतो. दुष्टाईशी लढण्याचे धैर्य व माणसांवर प्रीती करण्याचे मन त्यांना व आम्हांला दे. आमेन.