घटक ४ : घरातील नियम आणि लहान मूल

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• मर्यादा घालणे आणि शिक्षा करणे यांतील फरक सांगता येईल.
• घरातील नियमांचे त्यांच्या हेतूनुसार वर्गीकरण करता येईल.
• ‘श्यामची आई’मधील प्रसंगांचा या दृष्टीने विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे दोन्ही शब्द ‘शिकणे’ या अर्थाच्या ‘शिक्ष्’ या संस्कृत धातूपासून आले आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे आजही शिक्षण. मराठीत मात्र या शब्दाचा ‘दंड’ हा अर्थ रूढ झाला. मुलाला मर्यादा घालताना आपण त्याला काही शिकवतो, की केवळ दंड करतो, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

४.३ नियमांचे तीन प्रकार

छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते. परंतु अनेक वसाहतींत नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे घरोघरी हौद आणि पिंपे भरून ठेवावी लागतात. अशा घरातील चार वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ.

(अ) सुरक्षिततेचा नियम : हौदाचे झाकण उघडायचे नाही. येथे तडजोड नाही. परंतु या वयात मोह आवरण्याची शक्ती पुरेशी विकसित झालेली नसते. म्हणून झाकणाला कडी लावणे आणि मुलावर लक्ष ठेवणे हे मोठ्यांचेच काम आहे.

(आ) काटकसरीचा नियम : हात धुण्यासाठी एकच तांब्या पाणी. हा नियम कारणासह सांगावा. पिंपातील पाणी रोज किती खाली जाते हे दाखवल्यास मुलाला कारण प्रत्यक्ष दिसते. मात्र नळ येताच वडील नळी लावून गाडी धुऊ लागले, तर मूल काटकसर शिकत नाही. नियम फक्त लहानांसाठी असतात, एवढेच शिकते.

(इ) सोयीचा नियम : आधी आंघोळ की आधी दूध? अशी निवड मुलावर सोपवावी. काही गोष्टी आपल्या हाती आहेत हे कळले, की इतर नियम स्वीकारणे त्याला सोपे जाते.

४.४ साहित्यातील उदाहरण

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात कळ्या तोडणाऱ्या श्यामला आई समजावून सांगते. पोहायला जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला मात्र ती मारते आणि नंतर स्वतःच कळवळते. दोन्ही प्रसंगांत प्रेम आहे, पण मार्ग वेगळे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. आईच्या मायेचा आदर ठेवूनही, तिने वापरलेला मार्ग आज आपण स्वीकारू का, असे विचारणे हे डोळस वाचनाचे लक्षण आहे.

४.५ सारांश

नियम थोडे असावेत, त्यांची कारणे मुलाला दिसावीत आणि ते मोठ्यांनीही पाळावेत. असा नियम, सांगणारे कोणी जवळ नसतानाही मूल पाळू लागते.

४.६ स्वाध्याय

१. मराठीत ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ कसा बदलला ते लिहा.
२. तुमच्या घरातील पाच नियम लिहून त्यांचे वरील तीन प्रकारांत वर्गीकरण करा. त्यांपैकी तुम्ही स्वतः किती पाळता?